तोफा ओढणारे बारा बैल

शके अठराशे बत्तीसच्या श्रावणात, पोळ्याला आठ दिवस असताना, जांभुळगडच्या राजेसाहेबांनी दवंडी पिटवली. त्यांचे आजोबा सरदार रणोजीराव यांनी बंड केले होते, त्यांच्या नावाने दरसाल सुट्टी पाळायची. आंबेवाडीत कुरकुर सुरू झाली. त्या बंडात तोफा ओढायला गावचे बारा बैल नेले होते, ते परत आलेच नाहीत.

कुरकुर राजेसाहेबांच्या कानी गेली. ते घोड्यावरून थेट गावात आले आणि म्हाताऱ्या ठकूबाईसमोर थांबले. तिच्या बापाची जोडी त्या बारांत होती.

"काय गं म्हातारे, आमचे आजोबा वीर की लुटारू? नीट बोल, नाहीतर गावाचं गायरान जप्त करीन."

ठकूबाईने पदर सावरला. "शूर व्हते, सरकार. पर आमच्यात सुट्टी राबणाऱ्याला देत्यात. पोळ्याला आमी बैलाला ओवाळतो, मालकाला न्हाई. सरदार घोड्यावर बसले, तोफा बैलांनी वढल्या. बैलांच्या नावानं सुट्टी द्या, पुरणपोळी मी चारते. फकस्त बैल कुठं हायेत, तेवढं सांगा."

राजेसाहेबांच्या कपाळावर आठी चढली, मग ते खो-खो हसले.

"आजी, तू आजोबांजवळ असतीस तर बंड फसलं नसतं! सुट्टी पोळ्याचीच राहू दे."

पोळ्याच्या सकाळी संस्थानचे बारा बैल आंबेवाडीच्या वेशीतून आत आले.