बैलाला विचारलं का?

बी-बियाणी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. कोंडाबाईच्या ओसरीवर ज्वारीचं नवं बी आलं. मडक्यात राखेत निजलेल्या जुन्या बियाला ते म्हणालं, "माझ्या कणसात ओंजळभर दाणे! आणि उंची कमरेइतकीच, वाऱ्याने लोळायची भीती नाही."

कोंडाबाई दुपारच्या पेंगेत हसली. तेवढ्यात गोठ्यातल्या बैलाने रवंथ थांबवून विचारलं, "कमरेइतकीच? मग उन्हाळ्यात मला कडबा कुठून?"

हे नव्या बियाला कुणी विचारलंच नव्हतं.

कोंडाबाईने रानात जुनंच पेरलं, नवं फक्त बांधालगत एक ओळ. म्हणाली, "नव्याच्या कडब्याने बैलाचं पोट भरलं, तर पुढच्या साली बघू."

थंडीत धुक्यातून बैल बांधावरून जाई, तेव्हा ती ओळ हळूच टाचा उचलून चवड्यांवर उभी राही.