जवसपरीची टोपली

टेकडीखालच्या एका इवल्याशा गावात शेवू नावाची मुलगी आईबरोबर राहायची. आई बाजारात वडे तळायची. सोनेरी, टम्म फुगलेले वडे लोक आवडीने खायचे आणि उरलेले, तेलाने थबथबलेले वडे आई स्वतः खायची. घरातली भाकरी मात्र ती शेवूच्या ताटात वाढायची. "मला वडेच आवडतात गं," असं म्हणायची.

एक दिवस पाण्याची घागर आणताना आई वाटेतच मटकन खाली बसली. छातीत कळ आली होती, कपाळ घामाने भिजलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं.

"कोलेस्टेरॉल खूप वाढलंय," त्या म्हणाल्या. "रक्तात चरबी जास्त झाली की रक्ताच्या वाटा अरुंद होतात. गोळी रोज घ्या आणि ताटातलं खाणंही बदला. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू."

"नाही बदललं तर?" शेवूने विचारलं. बाईंनी गोळ्यांचं पाकीट तिच्या हातात दिलं.

त्या दिवसापासून शेवूला चैन पडेना. बसली की उठायची, उठली की दाराशी जायची. आई झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची. एका सकाळी तर ती घरात थांबूच शकली नाही. धावत सुटली ती थेट टेकडीच्या उतारावर जाऊन थांबली.

तिथे जवस फुललं होतं! नाजूक निळी फुलं वाऱ्यावर डुलत होती, पाकळ्यांवर दवाचे टपोरे थेंब चमचमत होते. त्यातलं एक फूल जरा मोठं झालं, आणखी मोठं झालं, आणि त्यातून बोटभर उंचीची एक परी बाहेर आली. तिचे पंख आभाळासारखे निळे होते आणि कपाळावर एक सोनेरी दाणा लुकलुकत होता.

"किती गं धडधडतात तुझी पावलं! माझी फुलं दचकली ना," ती म्हणाली. "काय हवंय तुला?"

"माझी आई बरी होऊ दे. आत्ता! या क्षणी!"

परीने हळूच मान हलवली. "तेवढं मला येत नाही, सोनुले. रक्त हळूहळू बदलतं. दुसरं काही माग."

शेवूने ओठ चावला. "मग रोज तिला चांगलं खायला मिळू दे."

परीने टाळी वाजवली. शेवूच्या हातात एक छोटीशी टोपली आली. तिच्यात जवस होतं, सातू, मेथीची हिरवीगार जुडी, चवळी, लसूण, दोन पेरू आणि चार अक्रोड.

"यातलं जवस आणि सातू भिजले की बुळबुळीत होतात. पोटात गेले की थोडी थोडी चरबी धरून ठेवतात आणि बाहेर नेतात," परी म्हणाली. "टोपली रोज भरेल. पण ऐक हं. आईने आपल्या मनाने खायला हवं, बळजबरी नको. डॉक्टरांची गोळी चुकवायची नाही. आणि कुणी हात पुढे केला, तर आधी त्याला द्यायचं."

पहिल्या दिवशी सातूची पेज बघून आईने तोंड वाकडं केलं. चमचा तिच्या तोंडात कोंबावा असं शेवूला वाटलं, पण तिने हात मागे घेतला. मग तिने जवस भाजून, लसूण घालून खमंग चटणी कुटली. आईने बोटावर घेऊन चाखली आणि म्हणाली, "थोडी अजून दे बघू!" त्यानंतर आई वडेही मोजकेच तळू लागली. उरलेच नाहीत, तर खायचे कुठून?

तरी शेवूला धीर नव्हता. "आई, आज बरं वाटतंय?"

"अगं, सकाळीच तर विचारलंस!"

एका दुपारी टोपलीत शेवटची मूठभर चवळी आणि एक पेरू उरला होता. तेवढ्यात शेजारच्या यमुनामावशी धापा टाकत आल्या. "मलाही तेच दुखणं सांगितलंय गं, शेवू. घरात काहीच नाही बघ." त्यांनी पदर पुढे केला.

शेवूने टोपली छातीशी घट्ट धरली. आईचं जेवण अजून व्हायचं होतं. आई काय खाणार? मग डोळे मिटून तिने सगळं मावशींच्या पदरात ओतलं.

टोपली रिकामीच राहिली. तास गेला, दुसराही गेला. शेवू आत-बाहेर, आत-बाहेर करत राहिली. अखेर उन्हं कलताना टोपलीत सळसळ ऐकू आली. बघते तर टोपली काठोकाठ भरलेली, आणि तिच्या शेजारी तश्शीच दुसरी, मावशींसाठी!

तीन महिने झाले. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि हसल्या. "छान उतरलंय की! असंच चालू ठेवा, गोळीसुद्धा."

घरी आल्यावर अंगणात निळा उजेड पसरला. परी तुळशीच्या पानावर बसली होती. "आता स्वतःसाठी काही माग, शेवू. बाहुली? झगा?"

शेवू विचारात पडली. "मला ना... जरा नुसतं बसायचंय."

परी खुदकन हसली. तिचे पंख झगमगले, उजेड शेवूच्या केसांवरून, आईच्या हातांवरून वाहत गेला आणि पानावर कुणीच उरलं नाही.

शेवू आईशेजारी उंबऱ्यावर बसली. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आईने केसांतून दोनदा हात फिरवला असेल नसेल, तोच शेवूला गाढ झोप लागली.