एकादशी पाळणारे पिलू

एकदा एका मठात मांजराच्या पिलाने एकादशी धरली. निदान गावाचे म्हणणे तसे होते, आणि गाव एकदा एखादी गोष्ट म्हणू लागले की तिला पुरावा लागत नाही.

मठ खाडीकाठच्या एका गावात होता. तिथे एक वृद्ध सत्पुरुष राहत. सगळे त्यांना बुवा म्हणत. कांदा-लसणालाही न शिवणारे, मोजके बोलणारे आणि राग आलाच तर मुकाट्याने गिळणारे असे ते गृहस्थ होते. त्यांच्यासोबत एक तरुण शिष्य राही. हे पिलू त्यालाच गोठ्यामागच्या गवतात सापडले होते. त्याची आई कुठे गेली, तिचे काय झाले, कोणाला कळले नाही. शिष्याने कापसाची वात दुधात भिजवून ती पिलाच्या तोंडाशी धरली, आणि पिलू चुटुचुटु चोखू लागले. त्या क्षणापासून शिष्याचा जीव त्याच्यात गुंतला. पिलू त्याच्या मांडीवर निजे आणि शिष्य ते जागे होईपर्यंत पाय हलवत नसे.

पुढे बुवा कीर्तनासाठी परगावी गेले. इकडे पिलाचे डोळे चमकदार झाले, दात फुटले, आणि नुसत्या दुधावर त्याचे भागेना. शिष्याला वाटले, आता याला जेवायला शिकवावे. त्याने मऊ भात शिजवला, त्यात दूध घातले, तो बोटांनी कुस्करला आणि वाटी पिलापुढे सरकवली. पिलाने वाटीचा वास घेतला, पुढचा पाय झटकला आणि तोंड फिरवले. दुसऱ्या दिवशी त्याने साय दिली, मग तूपभात दिला. पिलाने दरवेळी नाक लावले आणि पाठ वळवली. वातीवरचे दूध तेवढे ते चोखी.

एके दिवशी गावातले एक व्यापारी दर्शनाला आले. मोठे भाविक, मठावर पिढ्यानपिढ्यांची श्रद्धा असलेले घर. शिष्य पिलापुढे भात ठेवतो आहे आणि पिलू तोंड फिरवते आहे, हे त्यांनी पाहिले आणि त्यांचे हात जोडले गेले.

"अहो, आज एकादशी! आपण माणसं चुकतो, पण या मुक्या जिवाला कळलं. भाताला शिवत नाही! मागच्या जन्मीचा कोणी योगी असणार हा."

दुसऱ्या दिवशी द्वादशी होती. पारण्याचा शिरा पुढे ठेवला, तोही पिलाने खाल्ला नाही. पण तोवर योग्याची कथा घरोघरी पोचली होती. लोक दर्शनाला येऊ लागले. कोणी पिलाच्या गळ्यात तुळशीची बारीक माळ घातली, कोणी आपल्या खादाड मुलाला आणून दाखवले, "बघ, शीक काहीतरी!" आपल्याकडे खाणाऱ्यापेक्षा न खाणाऱ्याला नमस्कार लवकर मिळतो, ही जुनीच रीत आहे.

शिष्य आधी काळजीत होता. पण इतकी माणसे कौतुक करू लागल्यावर काळजीवर साय धरली. तोही पिलाला 'आमचे मुनी' म्हणू लागला. संध्याकाळी गर्दी पांगली की पिलू त्याच्या उपरण्याचे टोक तोंडात धरून अधाशासारखे चोखत राही. पिलाच्या पाठीचा कणा हाताला लागे. शिष्याला ते दिसत होते. पण दिसलेले मान्य केले असते, तर मुनी राहिला नसता.

बुवा परत आले तेव्हा अंगणात पाच-पंचवीस माणसे बसली होती. बुवांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. मग पिलाला उचलले, एका बोटाने त्याचा ओठ वर केला आणि तांदळाच्या कणीएवढे ते दात नीट पाहिले. त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली आणि भर उन्हात ते चालू लागले. शिष्य मागोमाग धावला.

देऊळ गेले, बाजार गेला, आणि बुवा थेट मासळीबाजारात शिरले. शिष्य पहिल्या टोपलीपाशीच थबकला. कोळणींचा गलका एकदम थांबला.

"बुवा, वाट चुकलात काय? देऊळ वरच्या अंगाला ऱ्हायलं," एक म्हातारी म्हणाली.

"वाट बरोबर आहे, बाय. एक मऊ मासा दे. खाणाऱ्याला नुकतेच दात आलेत."

"मग मुडदुशी न्या. आजाऱ्यालाबी हीच देतात."

परतताना वाटेत जो भेटला त्याला बुवांनी नमस्कार केला, आणि शिष्याने त्याची नजर चुकवली.

मासा त्यांनी मठाच्या स्वयंपाकघरात नेला नाही. गोठ्यामागे तीन दगड मांडले, गाडग्यात पाणी ठेवले, मासा उकडला, निवू दिला आणि मांडी घालून एकेक काटा काढू लागले. शिष्य नाकाला उपरणे लावून दूर उभा होता.

"बुवा, तुमचं व्रत?" त्याच्या तोंडून निसटले.

"व्रत माझ्या जिभेचं आहे. ती कुठे मोडली?" बुवा म्हणाले, आणि माशाचा लगदा त्यांनी किंचित पिलाच्या ओठाला लावला.

पिलाने डोके झटकले. मग जिभेने ओठ चाटला. थांबले. पुन्हा चाटला. बुवांनी बोट पुढे केले, तेही चाटले. बोट हळूहळू गाडग्याकडे गेले, तसे पिलूही गेले, आणि अचानक मुनींनी दोन्ही पाय गाडग्यात घालून आयुष्यातला पहिला घास तोडला. एवढ्याशा छातीतून गुरगुर निघू लागली. जवळ याल तर फाडून खाईन, असा त्यांचा एकंदर आविर्भाव होता.

नेमके तेव्हाच व्यापारी गोठ्यामागे आले. मासळीबाजारातली बातमी त्यांच्या कानांवर गेली होती, त्यामुळे त्यांचा चेहरा लाल होता.

"बुवा, मठाच्या आवारात मासा? तुमच्या हातांनी? लोकांना आम्ही काय सांगायचं?"

बुवांनी हात आवरला नाही. काटे काढता काढता ते बोलू लागले.

"शेठजी, भरलं ताट समोर असताना जो हात आवरतो, त्याला उपास घडतो. याच्यासमोर याचं ताट आलंच कधी? आपण आपलं ताट पुढे सारलं, याने तोंड फिरवलं, आणि आपण याच्या भुकेला वैराग्य समजून नमस्कार केला. आणखी चार दिवस तसेच नमस्कार केले असते, तर योग्याची समाधी बांधावी लागली असती."

मग त्यांनी शिष्याकडे पाहिले. आवाज मऊ झाला.

"तुझी माया खरी होती, बाळा. म्हणून तर हे आजपर्यंत जगलं. पण तुला जे गोड, ते तू याला देत राहिलास, आणि हे खाईना म्हणून याला मोठं ठरवलंस. दुसऱ्या कोणी मूर्ख ठरवलं असतं. याचे दात मात्र कोणी पाहिले नाहीत. माझ्या जिभेचं व्रत याच्या जिभेवर ठेवायचा अधिकार मला नाही, आणि तुलाही नाही. लोकांना सांगा, शेठजी, मठातलं पिलू जेवायला लागलं. यापेक्षा चांगली बातमी मठातून काय निघणार?"

शिष्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. व्यापारी परत फिरतील असे वाटले, पण ते तिथेच उभे राहिले. पिलाच्या गळ्यातली तुळशीची माळ माशाच्या पाण्यात बुडत होती. त्यांनी वाकून, गुरगुरणे सोसत, ती हलकेच सोडवून घेतली. पिलाच्या बरगड्या त्यांच्या बोटांना लागल्या असाव्यात, कारण ते बराच वेळ उकिडवेच बसून राहिले.

"बुवा," अखेर त्यांनी विचारले, "काटे सगळे निघाले ना? लहान आहे हो. घशात अडकायचा."

ते ऐकून शिष्य पुढे आला, नाकावरचे उपरणे त्याने खांद्यावर टाकले, गाडग्यात बोटे घातली, आणि केसासारखा एक राहिलेला काटा शोधून बाहेर काढला.