घरचाच कॉम्प्युटर, राजेसाहेब!

राजेसाहेबांचा घोडा पुन्हा शेवटच्या वळणावर थबकला!

थबकला म्हणजे काय, पडद्यावर त्याचा चक्क पुतळा झाला. चारही पाय हवेत, शेपूट हवेत, आणि बाजूनं शिरगडच्या सरदारांचा घोडा टापा वाजवत निघून गेला. दर रविवारी दुपारी चार वाजता दोघं आपापल्या घरी बसून कॉम्प्युटरवर शर्यत खेळायचे. साहसगडचे राजेसाहेब रणधीरराव सलग अकराव्या रविवारी हरले होते!

"पंत!" राजेसाहेब गरजले. "हे यंत्र तुम्हीच आणलंत ना?"

कारभारी भालचंद्रपंत लगबगीनं पुढे झाले. "तयार, सीलबंद माल आहे, राजेसाहेब! काचेचं कॅबिनेट, सात रंगांचे दिवे! तरी अडत असेल तर याहून मोठा आणू. माझ्या भाच्याच्या दुकानात कालच आलाय."

कोपऱ्यात बसून प्रिंटर दुरुस्त करणारी वैजयंता खुदकन हसली. राजवाड्याच्या वेशीपाशी तिची छोटीशी टपरी होती. गावातले बिघडलेले मोबाईल आणि कॉम्प्युटर तिथंच बरे व्हायचे.

"काय गं? हसायला काय झालं?" राजेसाहेबांनी विचारलं.

"दिव्यांनी घोडा पळत नाही, राजेसाहेब! काचेतून आत बघा ना. प्रोसेसर आहे पहिलवान, पण घोड्याचं चित्र रंगवणारं ग्राफिक्स कार्ड अगदीच लेचंपेचं. रॅमची पट्टीसुद्धा एकुलती एक! तयार डब्यात दुकानदार जे घालेल ते घ्यावं लागतं. त्यापेक्षा एकेक भाग पारखून घरी जोडावा."

"घरी जोडायला ती काय गोधडी आहे?" पंत फिस्कारले.

"गोधडीच समजा, पंत! चार ठिकाणचे तुकडे, पण थंडी पळते की नाही?"

राजेसाहेबांना गंमत वाटली. पण ते होते महाहट्टी! मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, "ठरलं! तू घरी जोड. पण या कॉम्प्युटरपायी आता एक पैही घालवणार नाही, असं वचन आम्ही राणीसाहेबांना दिलंय. तेव्हा बाजारातून एक स्क्रूसुद्धा आणायचा नाही! बाहेर कुणाकडून मागायचाही नाही! येत्या रविवारी घोडा पळाला तर माग हवं ते. थबकला, तर टपरी वेशीवरून हलव!"

टपरीचा एकेक पत्रा वैजयंतानं स्वतः ठोकला होता. तिनं मान वर केली.

"कबूल! फक्त राजवाड्यातल्या कुठल्याही कॉम्प्युटरला हात लावायची परवानगी द्या."

"द्या हो, राजेसाहेब!" पंत खो खो हसले. "तेवढीच धूळ तरी पुसून होईल!"

"दिली!" राजेसाहेब म्हणाले.

सोमवारपासून वैजयंता हातात ब्रश आणि खिशात स्क्रूड्रायव्हर घेऊन राजवाडाभर फिरू लागली. संग्रहालयाच्या खिडकीत एक कॉम्प्युटर होता. दिवसाकाठी पन्नास तिकिटं छापायचा, आणि पोटात रॅमच्या चार जाडजूड पट्ट्या! "तिकिटं छापायला एवढी ताकद?" ती पुटपुटली. बुधवारी जेवून पंत वामकुक्षीला गेले, तशी ती त्यांच्या कचेरीत शिरली. टेबलाखालच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं आणि तिचे डोळेच विस्फारले!

शनिवारी दुपारी सगळी जोडणी झाली. तिनं बटण दाबलं. पडदा काळा! पुन्हा दाबलं. काळाच! एकेक वायर काढून पाहिली, पुन्हा लावली. शेवटी रॅमच्या एका पट्टीवर अंगठा जोरात दाबला. कट्! तिनं पुन्हा बटण दाबलं. पंखे घुमले, पडदा उजळला, आणि वैजयंता एकटीच नाचली!

रविवारी चार वाजता दिवाणखाना माणसांनी फुलला. शर्यत सुटली! पहिलं वळण, दुसरं वळण... शेवटच्या वळणावर राजेसाहेबांनी डोळेच मिटले.

"उघडा डोळे!" राणीसाहेब ओरडल्या.

घोडा पळत होता! टापांखालची माती उडताना दिसत होती, मानेवरचा घाम चमकताना दिसत होता! सरदारांच्या घोड्याला तीन घोड्यांच्या लांबीइतकं मागे टाकून त्यानं रेषा ओलांडली. राजेसाहेब खुर्चीवर चढले!

"फसवणूक!" पंत किंचाळले. "हिनं चोरून नवं कार्ड आणलंय!"

"वेशीबाहेरून काहीसुद्धा आलेलं नाही," वैजयंता म्हणाली. "पंत, एक सांगा. या आठवड्यात तुमचा कॉम्प्युटर कसा चाललाय?"

"माझा? झकास! तयार, सीलबंद माल! एकदाही अडला नाही! नाहीतर तुझी ही गोधडी!"

"झकास चालणारच! बुधवारपासून त्यात राजेसाहेबांचं जुनं कार्ड आणि जुना पॉवर सप्लाय आहे. पत्रं टाइप करायला आणि पत्ते खेळायला ते चिक्कार झालं! तुमचं दांडगं कार्ड आणि त्याला वीज पुरवणारा तुमचा पॉवर सप्लाय आता इथे आहे, आणि तिकिटांच्या खिडकीतल्या दोन पट्ट्या. ती खिडकी चार दिवस तशीच छापतेय, कुणाला पत्ता नाही! राजेसाहेब, मी नवं काही आणलं नाही. आपला घोडा अकरा रविवार पंतांच्या टेबलाखाली बांधलेला होता, तो सोडून आणला!"

राजेसाहेब असे हसले की झुंबर किणकिणलं! राणीसाहेब पदर तोंडाला लावून हसल्या. पंत तेवढे पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"माग, पोरी, माग!"

"टपरीवर पक्कं छप्पर द्या. आणि यापुढे राजवाड्यात जो कॉम्प्युटर येईल, त्याचे भाग मी निवडणार."

"छप्पर कसलं मागतेस? नगारखान्याखालची अख्खी खोली घे! पंत, किल्ली द्या हिच्या हातात. आणि दारावर पाटी तुम्ही स्वतः ठोका!"

तेवढ्यात फोन खणखणला. पलीकडून शिरगडचे सरदार ओरडत होते, "रणधीरराव! तुमचं यंत्र दुरुस्त केलं कुणी? त्या माणसाला आजच्या आज इकडे पाठवा!"

राजेसाहेब ऐटीत म्हणाले, "वैजयंताबाई सध्या कामात आहेत, सरदार. नगारखान्यासमोर रांग लागेल, तुम्हीही या आणि उभे राहा!"