नव्या न्हाणीतली अंघोळ

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरुजींकडे अगदी खट्टू होऊन आला. माणूस सज्जन, पण उतावळा. त्याच्या मालकीच्या छोट्या घरात द्वारकाकाकू वीस वर्षे एकट्याच भाड्याने राहत होत्या, आणि त्यांच्यावर त्याचा फार जीव होता. काकू महिनाभर लेकीकडे गेल्या, तेवढ्यात त्याने हौसेने त्यांची जुनाट न्हाणी पाडून नवी बांधली. गुळगुळीत फरशी, डोक्यावर शॉवर, छातीच्या उंचीला चकचकीत नळ! काकू परतल्या, "छान झालंय हो," म्हणाल्या आणि आठव्या दिवशी सामान बांधू लागल्या. आता लेकीकडेच राहीन म्हणाल्या.

"माझं काय चुकलं, गुरुजी?" शिष्याने विचारले.

गुरुजी पंचा खांद्यावर टाकून त्याच्यासोबत निघाले आणि काकूंच्या दारात पोहोचताच म्हणाले, "बादलीभर ऊन पाणी द्या. मी अंघोळ करणार." शिष्य चाटच पडला. पहाटेच स्नान उरकलेला हा माणूस भरदुपारी परक्या घरी अंघोळ मागतो!

गुरुजी धोतरासकट फरशीवर बसले. दोन तांबे अंगावर घेतले. ऊन पाण्यात गार विसण घालायला हात उंचावला, पण नळ वीतभर दूरच राहिला. मग उठू लागले, तोच पाय सरकला. शिष्याने झेप घेऊन त्यांना सावरले.

"मला धरायला तू होतास," गुरुजी हसले. "काकूंना कोण? आधी काय होतं रे इथं?"

"बसायला खरबरीत दगड. गुडघ्याशी नळ. भिंतीत एक गंजका गज... सगळं काढून टाकलं मी."

"तू न्हाणी पाहिलीस ती दारात उभा राहून. त्या अंघोळ करतात बसून. तुझ्या मायेत खोट नाही, बाळा. त्या मायेनं काकूंना विचारलं नाही, इतकंच."

शिष्य ओशाळला. "काकू, बोलला का नाहीत?"

"इतक्या प्रेमानं केलंस. कुठल्या तोंडानं बोलू?"

त्याने पाट मांडला, खिशातून पेन्सिल काढली. "बसा. नळ कुठं हवा, दाखवा."

काकू बसल्या, सहज हात पोहोचला तिथे भिंतीवर तळवा टेकवला. त्याने खूण केली. काकू क्षणभर घुटमळल्या, मग हळूच म्हणाल्या,

"आणि गज उजवीकडे लाव हं. आधीचा डावीकडे होता. वीस वर्षं पंचाईत व्हायची माझी."