नदी हातात कशी देतात?

"आणि नदी द्यायची असेल तर?" फादर कॉमगननी विचारले.

गिल्बर्टने लेखणी खाली ठेवली. "कसली नदी?"

"कुठलीही. जमीन देताना काय करतात, ते तू आत्ताच सांगितलंस..."

"देणारा शेतात उभा राहतो. मूठभर माती आणि एक दगड उचलतो. साक्षीदारांसमोर घेणाऱ्याच्या हातात ठेवतो. झाली जमीन त्याची."

"बरोबर. आणि नदी?"

गिल्बर्टला हसू आले. म्हातारपणी माणसाला असे काहीबाही सुचायचेच, असे त्याच्या मनात आले.

ही जुन्या स्कॉटलंडातली गोष्ट. डोंगरांच्या कुशीत, नदीच्या काठी एक मठ होता. आसपासच्या घराण्यांचे दस्तऐवज या मठाच्या पेटीत सांभाळून ठेवलेले असत. कागद नव्हेत, मेंढीची कातडी. एकेक हातभर लांब, आणि त्यावर मुंग्यांची रांग चालावी तशी अक्षरे. अमका उभा राहिला, तमक्याने माती दिली, फलाणे साक्षीला होते... वाचता वाचता भल्याभल्यांच्या पापण्या मिटत. म्हणून मठाने या दस्तऐवजांचे सारांश करायला घेतले होते. काम गिल्बर्टचे, देखरेख फादर कॉमगनची.

गिल्बर्ट हुशार होता. पंचाईत एवढीच, की हे त्यालाही ठाऊक होते.

आज त्याने नदीकाठच्या कोळ्यांचा गठ्ठा उरकला होता.

"अख्खा गठ्ठा एका पानात बसवला, फादर. दूध आटवून आटवून खवा केलाय."

"आटवताना उडून काय गेलं?"

"नुसती वाफ. ती माती, तो दगड, ते साक्षीदार. जिथे जिथे ते आलं, तिथे मी 'रिवाजाप्रमाणे' एवढंच लिहिलं."

"...आणि कातडी?"

"सकाळीच धुवायला धाडली. दुधात भिजवायची, कोंड्याने घासायची, की कोरी. नवे ग्रंथ लिहायला होतील."

फादर जागच्या जागी जरा सावरून बसले.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्याला रुमाल, हातांना माशांचा वास. कोळीवस्तीतली इसोबेल. धावत आली असावी, कारण तिला धाप लागली होती.

"ब्रदर, आमचा दस्त तयार आहे ना? उद्याच न्यायाधीशापुढे तारीख लागली."

"तयार आहे," गिल्बर्ट म्हणाला. "पण एवढी घाई का?"

"वरच्या किल्ल्यातल्या सरदाराने होड्या अडवल्यात. म्हणतो, जमीन तुमची असेल, पाणी माझं. माझे सासरे सांगायचे, मठाच्या पेटीत आमची नदीपण आहे म्हणून. आहे ना?"

गिल्बर्टने ऐटीत पान उचलले आणि वाचू लागला. जमीन, रिवाजाप्रमाणे. जमीन, रिवाजाप्रमाणे. कुरण, रिवाजाप्रमाणे. पुन्हा जमीन. तो शेवटापर्यंत गेला, परत वर आला. त्याची ऐट हळूहळू उतरली.

"नदी... इथे नाही."

इसोबेल दारातच खाली बसली. रडली नाही.

"मग सासरे खोटं बोलले म्हणायचं," ती म्हणाली. "चार घरं आहेत आमची, ब्रदर. त्या जमिनीत दगडाशिवाय काही उगवत नाही. मासा आहे म्हणून चूल पेटते. उद्या पाणी गेलं, तर गाव सोडून जायचं कुठं?"

"पोरी, आधी पाणी पी," फादर म्हणाले. मग गिल्बर्टकडे वळून त्यांनी विचारले, "सगळी कातडी वाचलीस?"

"हो."

"शेवटपर्यंत?"

गिल्बर्टने हातातले पान मेजावर ठेवले.

...

"पहिली तीन वाचली," तो अखेर म्हणाला. "पुढच्यांची सुरुवातही तीच होती. म्हणून..."

"म्हणून?"

"म्हणून शेवटही तोच असणार, असं धरून चाललो."

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असे म्हणतात. बैल रिकामा राहिला असता तर एक वेळ चालले असते. इथे चार घरांच्या चुली रिकाम्या राहायची वेळ आली होती.

गिल्बर्ट धावत सुटला. अंगण ओलांडून, विहिरीला वळसा घालून तो धुण्याच्या खोलीत शिरला. आत दुधाने भरलेली मोठी डोणी होती. तिथले ब्रदर बाह्या वर करून एक कातडे खसाखसा घासत होते. निम्मी अक्षरे गेली होती.

"थांबा! हे कोळ्यांचं आहे?"

"छे. हा जुना पंचांगाचा तुकडा. का रे?"

"आणि सकाळी मी पाठवलेली?"

"ती होय? ती तर इथे टिकलीच नाहीत. फादर कॉमगन आले आणि उचलून घेऊन गेले. बसायला काहीतरी हवं म्हणाले."

गिल्बर्ट आल्या पावली परत पळाला. एवढी भीती त्याला जन्मात वाटली नव्हती. आपले नाव खराब होईल ही भीती केव्हाच मागे पडली होती. डोळ्यांपुढे फक्त दारात बसलेल्या त्या बाईचा चेहरा होता.

"फादर, उठा!"

त्या मठात फादर कॉमगनना असे आजवर कोणी म्हटले नव्हते. फादर भिंतीला धरून सावकाश उठले. त्यांच्याखाली, दगडी बाकावर, गठ्ठा होता. चांगला चपटा झालेला. गिल्बर्टने हात लावला तर ऊबदार लागला.

त्याने तो छातीशी धरला. त्याचे डोळे भरून आले. ते लपवायचेही त्याला सुचले नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?" त्याने विचारले.

"या दिवसांत दगड फार गार लागतो, एवढं ठाऊक होतं."

गिल्बर्ट जमिनीवरच बसला आणि वाचू लागला. या वेळी एकेक शब्द, मोठ्याने. इसोबेल जवळ सरकली. चौथे कातडे जमिनीचे. पाचवे कुरणाचे. सहाव्याची सुरुवात अगदी तशीच होती. तीच मोहर, तोच नमस्कार, तीच नावे. गिल्बर्टचा आवाज खाली गेला.

मग तो थबकला.

"'देणारा उभा राहिला...'"

"शेतात?" फादरांनी विचारले.

"नाही. 'कमरेइतक्या पाण्यात. आणि साक्षीदार काठावर असताना त्याने घेणाऱ्याला होडीत बसवले व त्याच्या हाती जाळे दिले. या काठापासून त्या काठापर्यंत, मासे धरण्याच्या हक्कासह, वंशपरंपरेने.'"

...

"जाळं आणि होडी," गिल्बर्ट पुटपुटला. "नदी अशी देतात..."

इसोबेलचा जीव भांड्यात पडला. ती हसायला लागली, आणि हसता हसता रुमालाने डोळे पुसायला लागली.

"आमच्यात नवी नवरी घरात आली की पहिल्यांदा तिला होडीत बसवतात आणि हातात जाळं देतात," ती म्हणाली. "मलाही दिलं होतं. कशासाठी, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मी तर त्या दिवशी नवी चोळी भिजली म्हणून रुसले होते!"

फादरही हसले. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत असे हसू ऐकू आले.

गिल्बर्ट मात्र लगेच मेजाशी जाऊन बसला. न्यायाधीश आधी सारांश वाचत, आणि शंका आली तरच मूळ कातडे उलगडून बघत. तेव्हा सारांश नव्याने लिहायलाच हवा होता. त्याने जुने पान फाडले. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत नवा मजकूर तयार झाला. कंबरभर पाणी, होडी, जाळे, काठावरच्या साक्षीदारांची नावे, सगळे त्यात होते. एका पानाची तीन झाली होती.

ती त्याने फादरांपुढे ठेवली. सकाळची ताठ मान आता खाली होती.

"या वेळी काहीच गाळलं नाही, फादर. गाळायला हात धजत नाही. एक अक्षर कमी झालं तरी कुणाची तरी नदी जाईल असं वाटतं."

फादरांनी पाने खिडकीपाशी नेली. पहिल्या ओळीपासून वाचली. साक्षीदारांची नावे ओठांत म्हणत वाचली. इसोबेल उभ्या उभ्या त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

तिसऱ्या पानाच्या तळाशी गिल्बर्टने एक ओळ जास्तीची लिहिली होती: 'हा दस्त गिल्बर्ट नावाच्या मूर्खाच्या हातून नष्ट होणार होता, तो फादर कॉमगन यांच्या थोर दूरदृष्टीने वाचला.'

फादर तिथे थांबले. ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली.

मग पान गिल्बर्टसमोर ठेवले, त्या ओळीवर बोट टेकवले आणि म्हणाले,

"एवढं मात्र गाळ."