महाराजांना महाराजांचा हुकूम

"माहूत मानाजीने उद्याच राज्य सोडावे. हत्तीखाना यापुढे दिवाणजींचे मेहुणे सांभाळतील. कळावे, महाराज."

असा ई-मेल सकाळी सकाळी येऊन थडकला आणि मानाजीच्या हातून अंकुश गळून पडला. जन्म हत्तीखान्यात गेलेला, आता जायचं कुठे? आणि दिवाणजींचे मेहुणे तर शेळीलासुद्धा घाबरत!

मानाजीची लेक सगुणा तडक दरबारात गेली. "महाराज, हा ई-मेल आपणच पाठवलात?"

महाराजांना काही आठवेना. पण तसं कबूल करतील तर ते महाराज कसले! "माझ्या नावाने निघाला, म्हणजे माझाच!" ते गरजले. "माझ्या खात्यात वारासुद्धा शिरत नाही. तो माझा नव्हे, असं उद्या माझ्याच तोंडून वदवून दाखव. नाहीतर बापलेकीने गाठोडं बांधा!"

महाराजांना त्यांचाच शब्द गिळायला लावायचा! वाळूतून तेल काढणं परवडलं!

दुसऱ्या दिवशी सगुणा राजवाड्याच्या दाराशी पोचली तेव्हा भालदार रोजची ललकारी देत होता. "सिंहासनाधीश्वर, शत्रुमर्दन, पासवर्ड लाडूबाळ एक-दोन-तीन, महाराज येत आहेत होऽऽ!"

महाराज भारी विसराळू. पासवर्ड ध्यानात राहावा म्हणून त्यांनीच तो बिरुदांमध्ये घालून घेतला होता. गावातली पोरंटोरं त्या तालावर लंगडी खेळत. सगुणाही रोज ऐकायची, पण कान उघडले ते आज. तिने तिथेच मोबाईल काढला.

दरबार भरतो न भरतो तोच महाराजांचा मोबाईल किणकिणला. दिवाणजींनी रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचलं, "प्रेषक, महाराज. प्रति, महाराज. आजपासून हत्तीची लीद महाराजांनी स्वतः उचलावी. हयगय केल्यास फटके मिळतील. कळावे, महाराज."

"छे छे! हा माझा हुकूम नव्हे!" महाराज ओरडले.

"असं कसं, महाराज?" सगुणाने हात जोडले. "आपल्या नावाने निघाला, म्हणजे आपलाच! घमेलं घेऊन बाबा दारात उभेच आहेत."

"अगं, मी स्वतःला लीद उचलायला कशाला सांगेन? कुणीतरी माझं नाव वापरलंय!"

"मग कालच्या ई-मेलात वापरलं नसेल कशावरून?"

महाराजांची नजर गर्रकन दरबारभर फिरली. "कोण आहे तो चोर?"

नवी पगडी घालून बसलेले मेहुणे ताडकन उठले. "देवाशपथ सांगतो महाराज, लिदीचा मी नाही पाठवला! मी फक्त माहुताचा पाठवला!"

दिवाणजींनी कपाळावर हात मारून घेतला.

"आणि लिदीचा?" महाराजांनी विचारलं.

"तो माझा," सगुणा म्हणाली. "आपला भालदार रोज सकाळी घराची किल्ली वाटतो, महाराज. मीही एक घेतली!"

महाराज आधी लाल झाले, मग फिस्सकन हसले, आणि हसता हसता सिंहासनावरून घसरले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी सगुणाला दिलं. "मानाजी, हत्तीखाना तुझाच! आणि लिदीचा हुकूमही वाया जायला नको. घमेलं मेहुण्यांना द्या!"